अण्णांसोबत सागाच्या गावी

पहिला दिवस: रत्नागिरी ते कोळिकोड

खरं तर मला मुन्नारला जायचं होतं. मे महिन्यात चार दिवस रजा, अण्णा आयुष्यात कधी गोव्याच्या खाली गेलेले नाहीत, तर त्यांना चहाचे मळे दाखवावेत असा बेत. अण्णांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "चहाचे मळे काय बघायचे गो? सागाचं म्युझियम आहे म्हणतात तिकडे. ते बघू."

अण्णा सुतार. देवरुखात पन्नास वर्षं धंदा केला, आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे हत्यारं माळ्यावर आणि तोंड चालू. केरळातल्या निलंबूरच्या या संग्रहालयाची बातमी त्यांना कुठून लागली ते त्यांनी सांगितलं नाही. पण रत्नागिरीला नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसल्यावर, कुडाळच्या आसपास, शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी निघाली. आत लाकडाची ढलपी. बोटभर लांब, काळपट, एका कडेला ताज्या कापाचा मधासारखा रंग.

"आपल्या चौकटीची," ते म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. गावच्या घराची वाटणी गेली दोन वर्षं अडलेली आहे. काकांना घर पाडून स्लॅबचं बांधायचंय. जुनं लाकूड विकत घेणारा एक व्यापारी येऊन वासे, खांब, तुळया बघून गेला आणि मधल्या दाराच्या चौकटीपाशी बराच वेळ थांबला. पणजोबांनी ती चौकट मलबारी सागाची, म्हणजे निलंबूरकडच्या लाकडाची, बंदरावर गलबतातून उतरलेल्या मालातून घेतलेली, असं आमच्या घरात सांगतात. काका म्हणतात, सगळ्या थापा, मागच्या डोंगरावरचाच साग आहे तो. मलबारी असेल तर चौकट मोडायची नाही, असं अण्णांनी जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे हा प्रवास सहलीचा नव्हताच, पुराव्याचा होता.

रात्री कारवारनंतर मी झोपले. अण्णा जागेच होते. समोरच्या बर्थवरच्या कण्णूरच्या माणसाला ढलपी दाखवत होते.

दुसरा दिवस: कल्लाई आणि बेपूर

कोझिकोड म्हणायचं की कोळिकोड, यावर रिक्षावाल्याने माझी दोनदा शिकवणी घेतली. आपल्याकडे 'ळ' आहे, त्यामुळे आपण चुकायला नको, पण इंग्रजी स्पेलिंग आडवं येतं. (त्यांचा तो उच्चार आपल्या 'ळ'पेक्षाही वेगळा आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर सोडून दिलं होतं.)

लॉजवर पोचलो तर आमची खोली आदल्या रात्रीच कुणाला तरी देऊन टाकलेली. तासभर हुज्जत घालून जी मिळाली तिच्या एसीतून थेट अण्णांच्या उशीवर पाणी गळत होतं. अण्णांनी खाली बादली लावली आणि म्हणाले, "चल, वखारी बघू."

शहराच्या दक्षिणेला कल्लाई नदी आहे. नदी म्हणण्यापेक्षा आता खाडीचा गाळानं भरलेला फाटाच. पण एके काळी आशियातल्या मोठ्या लाकूडबाजारांत हिचं नाव होतं. निलंबूरच्या जंगलात तोडलेले ओंडके चालियार नदीत सोडायचे, तराफे बांधून खाली आणायचे आणि कल्लाईच्या काठाला लावायचे. तिथून मुंबईला, अरबस्तानात, युरोपात. आजही काठाने आरा गिरण्या आहेत आणि काही ठिकाणी ओंडके पाण्यात अर्धे बुडवून ठेवलेले दिसतात. हवा भुशाच्या वासाने जड झालेली. अण्णांनी रिक्षातून उतरताच लांब श्वास घेतला, आपण वडापावच्या गाडीपाशी घेतो तसा.

पण माल बघून त्यांचा चेहरा पडला. बराचसा परदेशी. मलेशियाचा, आफ्रिकेचा. केरळ सरकारने १९७१ साली खाजगी जंगलं ताब्यात घेतली, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध आणले, आणि कल्लाईचा धंदा बंदरातून येणाऱ्या मालावर आला. जंगलाच्या दृष्टीने हे बरंच झालं असं मी म्हटलं. अण्णांनी मान डोलावली. पण एका गिरणीत पट्टीवर चढलेला ओंडका बघून म्हणाले, "याला वासच नाय."

एका वखारीत म्हातारे मालक बसले होते, पांढरं मुंडू (तिकडची लुंगी), कानात पेन. अण्णांनी पुडी काढली. त्यांनी ढलपी घेतली, नखाने खरवडली, नाकाशी नेली, जिभेला लावली (हो, जिभेला!) आणि अण्णांकडे बघून हसले. "तेक्कु," म्हणाले. म्हणजे साग. एवढं आम्हालाही माहीत होतं. कुठला, असं मी इंग्रजीत विचारलं तर त्यांनी दोन्ही हात पसरले.

हा तेक्कु शब्द मात्र मोठा प्रवासी. मल्याळी तेक्कु पोर्तुगिजांनी उचलला, त्याचा तेका झाला, त्यावरून इंग्रजांचा टीक. आणि आज आपल्याच बाजारात आपण 'टीकवूड दाखवा' म्हणतो, सी.पी. टीक की बर्मा टीक असं विचारतो. सी.पी. म्हणजे जुना मध्य प्रांत, म्हणजे आपलं बल्लारशाह, आलापल्ली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना साग गेला तो तिथलाच.

दुपारी बेपूर. चालियार समुद्राला मिळते तिथे उरू बांधतात. उरू म्हणजे लाकडी गलबत, अरबांचं धाऊ. काठावर झापांच्या शेडखाली एकाचा सांगाडा उभा होता, दोन मजली घराएवढा. फासळ्या बसल्या होत्या, फळ्या अर्ध्यापर्यंत चढल्या होत्या. नकाशा नाही, ड्रॉइंग नाही. सगळी मापं मुख्य मिस्त्रीच्या डोक्यात. असं एक जहाज व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात आणि गिऱ्हाईक बहुतेक आखाती देशातलं.

इथे अण्णा हरवले. मी चहा घेऊन आले तोवर ते एका कारागिराशेजारी बसून त्याचा वाकस हातात घेऊन तोलत होते. तो त्याच्या भाषेत बोलतोय, हे यांच्या. त्याने वाकसाच्या पात्याचा कोन दाखवला, यांनी अंगठ्याने धार बघितली. मग दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस पटाशीने ठोकून कसा भरायचा ते त्याने दाखवलं. अण्णांनी एक वीतभर फट स्वतः भरली. पहिल्या चार ठोक्यांत हात कापला, पाचव्यापासून लागला. शेवटी त्या माणसाने अण्णांच्या उजव्या तळहातावरचा घट्टा दाबून पाहिला आणि स्वतःचा दाखवला. एकाच जागी होता.

उरू पाण्यात ढकलायचं काम खलाशांचं. आपल्याकडे खलाशी म्हणजे जहाजावर काम करणारा. इथले माप्पिळा, म्हणजे मलबारी मुसलमान, खलाशी जहाज जमिनीवरून पाण्यात नेतात, दोर, कप्प्या, ओंडक्यांचे रूळ आणि एका सुरात म्हटलेल्या हाळ्या, बस एवढ्यावर. १९८८ साली पेरुमणला रेल्वेचे डबे पुलावरून अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर ओढायला बेपूरच्या खलाशांना बोलावलं होतं.

रात्री मिठाई गल्लीतून हलवा घेतला. अण्णांना तो रबरासारखा लागला. मला आवडला.

तिसरा दिवस: निलंबूर, संग्रहालय

सकाळच्या एसटीने (इथेही केएसआरटीसी म्हणतात, कर्नाटकासारखंच, त्यावरून दोन्ही राज्यं भांडलीही आहेत) अडीच-तीन तासांत निलंबूर. वाटेत रबराची झाडं, सुपारी, फणस. रबराच्या खोडांना बांधलेल्या वाट्या बघून अण्णांनी विचारलं, "ही काय भीक मागतायत?"

संग्रहालय गावापासून चार-एक किलोमीटरवर, गुडलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केरळ वनसंशोधन संस्थेच्या आवारात. १९९५ साली उघडलं. फक्त सागाला वाहिलेलं जगातलं हे पहिलं संग्रहालय. दुमजली इमारत आणि मागे बाग.

दारातच एक अख्खं मूळ ठेवलंय, पंचावन्न वर्षांच्या सागाचं. मातीतून सोडवलेलं, धुतलेलं, सगळ्या दिशांना पसरलेले हात. मला वाटलं होतं एवढं मोठं झाड म्हणजे सोटमूळ पाताळात गेलं असेल. तसं नव्हतं, पसारा आडवाच जास्त. अण्णा त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. "म्हणून निसर्ग वादळात दापोलीला सगळा साग आडवा झाला," ते म्हणाले. २०२० च्या जूनमध्ये त्यांच्या मेहुण्याची तीस झाडं एका दुपारी पडली होती. तीस वर्षं सांभाळलेली. पुढचे सहा महिने तिकडे सागाला कुणी विचारत नव्हतं, इतका माल झाला होता.

आत कन्निमारा सागाची प्रतिकृती आहे. मूळ झाड परांबिकुळमच्या जंगलात, सुमारे साडेचारशे वर्षांचं, आजही उभं. नैसर्गिकपणे वाढलेल्या सगळ्यात मोठ्या सागांपैकी एक. कन्निमारा म्हणजे कुमारिका. तोडायला गेले तेव्हा घावातून रक्त आलं आणि लोकांनी कुऱ्हाडी टाकल्या, अशी तिथल्या आदिवासींची गोष्ट. मला ती नुसती गोष्ट वाटली नाही, कारण सागाच्या कोवळ्या पानात लाल रंग असतोच. अण्णांनी मागच्या बागेत ते सिद्धही केलं. एका रोपाचं पान तळहातावर चुरडलं, हात विडा खाल्ल्यासारखा लाल. शाळेची सहल आली होती, पोरांनी लगेच आपापल्या मास्तरांच्या नजरेआड तेच केलं.

मग जहाजं. एक उरू इथे छोट्या रूपात काचेआड आहे, कालचं बघून आल्यामुळे ते खेळण्यासारखं वाटलं. पण साग आणि साहेब यांचं नातं जहाजापासूनच सुरू होतं. इंग्लंडातली जहाजांना लागणारी ओकची झाडं संपत आली होती. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खराब होतात, सागात तेल असतं, खिळा टिकतो, वाळवी लागत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं 'ट्रिंकोमली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. मलबारी सागाचं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. हे मी अण्णांना फोनवर दाखवलं. फोटो मोठा करून ते फळ्यांचे सांधे बघत राहिले. "दोनशे वर्षं. आणि तुझ्या काकाला स्लॅब पाहिजे."

जहाजांसाठी कंपनी सरकारने १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा वनरक्षक नेमला. रक्षक म्हणायचं आणि सगळा साग सरकारच्या मालकीचा करून तोडायचा, असा तो कारभार. जमीनदार आणि व्यापारी इतके संतापले की १८२३ साली ते पद आणि मक्तेदारी, दोन्ही बंद करावं लागलं. आपल्याकडे याच्या शंभरेक वर्षं आधी आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान तोडायचा तर हुजूरची परवानगी घ्या, बाकी लागेल ते परमुलखातून विकत आणा, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असं बजावलेलं आहे. परमुलखातून म्हणजे कुठून? मलबारातूनच कशावरून नाही? असं मी म्हटल्याबरोबर अण्णांचा हात खिशाकडे गेला.

जंगल सरत आल्यावर साहेबाला लागवड सुचली. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कॉनोली याने निलंबूरला जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि साग पेरायला लावला. उगवेच ना. सागाचं फळ कुणी हातात घेतलं असेल त्याला कळेल, वर फुगलेली कागदी टोपी, आत सुपारीएवढं टणक बी. ते तसंच टाकलं तर रुसून बसतं. कॉनोलीने चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याकडे काम दिलं. त्याने बी भिजवून, वाफ्यात रोपं करून, पावसाळ्यात लावून जंगल उभं केलं. भारतातल्या सागलागवडीचा जनक म्हणतात तो हा. पण जगभर नाव झालं ते कॉनोलीचंच. नकाशातही, पाटीवरही. मला हे खटकलं, अण्णांना नाही. "मालकाचंच नाव लागतं गो. मी केलेल्या कपाटावर माझं नाव आहे काय?"

वरच्या मजल्यावर फुलपाखरं आणि किडे आहेत. सागाची पानं खाणारी अळी बघायला आम्हाला काचेची गरज नव्हती. पहिल्या वळिवानंतर त्या अळ्या धाग्यांना लोंबकळतात आणि आठवड्याभरात बनाची नुसती जाळी करतात. तोडणीची चित्रंही वर आहेत. हत्ती, कुऱ्हाडी, करवती. तिथे मला जरा जास्त थांबावंसं वाटलं, कारण खालच्या मजल्यावर झाडं आणि साहेब खूप आहेत, माणसं कमी. ओंडके ओढणारे, पाण्यात उतरून तराफे बांधणारे, ज्यांचं मुळात हे जंगल होतं ते चोलनायक्कन आदिवासी. त्यांच्या वाट्याला भिंत थोडी आलीय.

आणि मग तो प्रसंग. सागाच्या आडव्या कापाची चकती होती, वर्तुळं मोजता येतील अशी. अण्णांनी पुडी उघडली, ढलपी शेजारी धरली, चष्मा कपाळावर सरकवून नाक टेकवलं. सुरक्षारक्षक आला. मला वाटलं आता ओरडा खावा लागणार. त्याने विचारलं काय आहे, मी मोडक्या हिंदीत सांगितलं. तो आत गेला आणि एका तरुण संशोधक मुलीला घेऊन आला. तिने खिशातलं भिंग काढलं. आम्ही तिघं श्वास धरून.

ती अगदी नीट बोलली. हा साग आहे. वर्तुळं अगदी जवळजवळ आहेत, म्हणजे सावकाश वाढलेलं झाड, बहुधा जंगलातलं, लागवडीचं नाही. वय भरपूर. पण मलबारचा की कोकणचा, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी लागते आणि तीही एवढ्याशा ढलपीवरून खात्रीने होईल असं नाही.

"जंगलातला, हे नक्की?" अण्णांनी मला विचारायला लावलं.

बहुधा, ती म्हणाली.

अण्णांनी तिला नमस्कार केला. ढलपी पुडीत गेली.

चौथा दिवस: कॉनोलीचं बन

सकाळी रिक्षाने अरुवाकोडला. इथे चालियारच्या पलीकडे जगातली सगळ्यात जुनी शिल्लक असलेली सागाची लागवड आहे. १८४६ सालची. दुसऱ्या महायुद्धात आजूबाजूला तोड झाली, हा तुकडा राहिला. जेमतेम पावणेसहा एकर, शंभरावर थोडी झाडं.

पाणी कमी होतं. गोटे उघडे पडले होते. इतकी गरीब नदी की हिने शतकभर हत्तीएवढे ओंडके वाहून नेले हे पटेना. काठावरच्या चहावाल्याने आपण होऊन सांगितलं. ३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडात डोंगर खचला, मुंडक्कै आणि चूरलमला गाडली गेली, आणि माणसं याच पाण्यातून इथवर वाहत आली. त्याने चहाचे पैसे घेताना पुलाकडे नाही, पाण्याकडे बोट दाखवलं. आम्हाला माळीण आणि इर्शाळवाडी आठवली. पण बोललो नाही.

बनात शिरलं की एकदम अंधारतं. सरळसोट खांब, पहिली फांदी कुठे आहे ते बघायला मान मागे टाकावी लागते. काहींचा घेर चार मीटरवर. झाडांवर क्रमांक घातलेत. अण्णा एका झाडापाशी गेले, बोटांच्या सांध्यांनी टकटक केली, कान लावला. मग दोन्ही हात पसरून घेर मोजू लागले, एक वाव, दोन वाव, आणि तिसऱ्याला मला बोलावलं. खोडाच्या पलीकडून त्यांचा आवाज आला, "किती घनफूट होईल सांग."

मी काहीतरी आकडा सांगितला. हसले. "तुला बँकेतच बरं."

१८५५ साली कॉनोलीचा कोळिकोडला त्याच्याच बंगल्यात खून झाला, मारेकरी तुरुंगातून पळालेले माप्पिळा कैदी होते. तेव्हा ही झाडं नऊ वर्षांची होती. सागाच्या हिशेबाने वासेसुद्धा निघत नाहीत त्यातून. साठ-ऐंशी वर्षांनी तोडायचा माल त्याने लावला होता. सरकारी गरजेपोटी, जहाजांसाठी, नफ्यासाठी, सगळं खरं. तरी आपल्या हयातीत ज्याचा एक खांब मिळणार नाही अशा कामात एखादा कलेक्टर का पडतो, हे मला कळत नाही. अण्णांना विचारलं तर ते खाली पडलेली कागदी टोप्यांची फळं गोळा करत होते. खिशात भरली. दहा-बारा असतील.

दुपारची गाडी निलंबूर रोडवरून शोरनूरला. सहासष्ट किलोमीटरचा हा फाटा १९२७ साली सुरू झाला, मुख्यतः लाकूड वाहायला. महायुद्धात इथले रूळच उखडून दुसरीकडे नेले, ते १९५४ साली पुन्हा टाकले. आता डब्यात विद्यार्थी, नर्सेस, फणसाची पोती. दोन्ही बाजूंना सागाच्या रांगा इतक्या जवळ की पानं खिडकीत येतात. स्टेशनांवर मोठाले वड.

वाणियंबलम गेल्यावर अण्णांनी फोन काढला आणि काकांना लावला. स्पीकरवर, कारण त्यांना तसाच लावता येतो.

"ऐक. शास्त्रज्ञांना दाखवली. भिंगातून बघितली त्यांनी." थांबले. खिडकीतून आलेलं एक पान त्यांनी हाताने बाजूला केलं. तळवा अजून लाल होता. "मलबारीच आहे. शंभर टक्के."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग काका म्हणाले, "मग चौकट ठेवू या. बाकीचं पाडू."

अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शोरनूरला जेवायला काय मिळतं बघ जरा."